पोत्याचा ॲप्रन : एका टाक्याचा इतिहास

१/
१९३० च्या दशकात अमेरिकेतील असंख्य शेतकरी घरांत ॲप्रनचे कापड कापडाच्या दुकानातून येत नसे. ते पीठ, साखर किंवा कोंबड्यांचे खाद्य भरलेल्या पोत्याच्या रूपाने घरात शिरे आणि मागच्या पिढीच्या पायमशीनवर शिवले जाई. या साध्या वस्त्रामागे पेटंटची भांडणे आहेत, हप्त्यांचा व्यवहार आहे आणि स्त्रियांचे फारसे न नोंदवलेले श्रमही आहेत.

२/
प्रारंभ यंत्रापासून करू. १८४६ मध्ये इलियास होवे याने टोकाशी छिद्र असलेली सुई आणि शटल वापरणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने सरळ खाली-वर होणाऱ्या सुईचे अधिक सोयीचे यंत्र आणले. दोघांत खटला झाला आणि होवे जिंकला. अखेर १८५६ मध्ये प्रमुख उत्पादकांनी आपापली पेटंटे एकत्र केली आणि भांडण मिटवले.

३/
यंत्र मात्र महाग होते. किंमत १०० डॉलरच्या आसपास, म्हणजे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ मध्ये त्यावर तोड काढली : थोडी रक्कम आधी भरायची, उरलेली हप्त्याहप्त्याने. पुढील काही दशकांत शिलाई मशीन शेतघरांपर्यंत पोहोचले ते या हप्त्यांच्या वाटेने.

४/
यंत्राने किती वेळ वाचला? व्हीलर अँड विल्सन या कंपनीने त्या काळी एक तुलना प्रसिद्ध केली होती. पुरुषाचा सदरा हाताने शिवायला १४ तास २६ मिनिटे, यंत्रावर १ तास १६ मिनिटे. साधा ॲप्रन हाताने १ तास २६ मिनिटे, यंत्रावर अवघी ९ मिनिटे! आकडे विक्रेत्याचे आहेत, म्हणून ते सावधपणे वाचावेत. पण बदलाची दिशा त्यांतून स्पष्ट दिसते.

५/
याच यंत्राने पोतेही घडवले. पूर्वी पीठ, धान्य यांची ने-आण लाकडी पिंपांतून होई. कापडी पोत्याची शिवण हाताने घातली तर ओझ्याने उसवण्याची भीती असे. यंत्राची घट्ट टीप आल्यावर पोते भरवशाचे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंप मागे पडत गेले.

६/
येथे टाक्यांतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. पोत्याची शिवण साखळी टाक्याची असे. योग्य टोक सापडून ओढले की सगळी शिवण सरसर उसवते. घरातील मशीन मात्र लॉकस्टिच घाली. त्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात, त्यामुळे टीप सहज सुटत नाही. सुटणारी शिवण उसवायची आणि न सुटणारी घालायची, एवढ्यावर पोत्याचा ॲप्रन होई. निघालेला दोराही गुंडाळून विणकामासाठी जपला जाई.

७/
१९२९ नंतर महामंदी आली. १९३१ पर्यंत कापसाचा भाव पौंडामागे सुमारे १७ सेंटांवरून ६ सेंटांच्या आसपास घसरला. शेतात कापूस पिकवणाऱ्यांनाच कापड विकत घेणे जड झाले. नवे मशीन घेणे तर दूरच. शिवाय १९३५ च्या सुमारास दहांपैकी जेमतेम एका शेतात वीज होती. चामड्याच्या पट्ट्यावर, पायाच्या बळावर चालणारे जुने मशीन म्हणूनच टिकून राहिले. त्याला तेल आणि चालवणारे पाय एवढेच हवे होते.

८/
ॲप्रनच का? कारण कपडे मोजके होते, पाणी विहिरीवरून आणावे लागे आणि धुणे हातानेच होई. ॲप्रन मळला तरी झगा वाचे. त्याच ॲप्रनच्या ओच्यात अंडी, शेंगा, चुलीसाठी काटक्या घरात येत. १०० पौंडांचे पोते उलगडले की १ वाराहून थोडे अधिक कापड मिळे. झग्याला सुमारे तीन पोती लागत, ॲप्रनला एकच पुरे.

९/
अडचण होती ती छापाची. पोत्यावर गिरणीचे नाव ठळक शाईत असे. स्त्रिया त्यावर चरबी चोळत, रॉकेलमध्ये भिजवत, साबणाने घासत. तरीही अक्षरे पुसट उरत. अंगावरचे ते नाव म्हणजे घरातील गरिबीची जाहीर पाटीच. हा छाप घालवण्यासाठी झालेले कष्ट कोणत्याही हिशेबवहीत नाहीत.

१०/
गिरण्यांनी हे हेरले. एसा बेल्स या गृहस्थाने १९२४ मध्ये रंगीत चौकड्याच्या कापडी पोत्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि हक्क सेंट लुईसच्या जॉर्ज प्लांट मिलिंग कंपनीकडे गेले. ‘जिंगहॅम गर्ल’ पीठ अशा पोत्यांतून विकले जाऊ लागले. पुढे इतर गिरण्यांनी फुलाफुलांची छपाई, धुऊन जाणारी शाई आणि सोलून काढता येणारी कागदी लेबले आणली.

११/
येथे बाजाराचा तोल सरकला. खाद्य विकत घेणारा शेतकरी पुरुष असे, पण कोणते पोते घ्यायचे हे आता घरातील स्त्री ठरवू लागली. अर्धवट झग्यासाठी नेमकी तीच नक्षी हवी असे. कापडी पोत्यांच्या उत्पादकांनी पोत्यांतून काय काय शिवता येईल हे शिकवणाऱ्या पुस्तिकाही काढल्या. काटकसर ही गरज होती. तिची विक्रीची युक्ती गिरण्यांनी केली.

१२/
१९४२ च्या एका अंदाजानुसार सर्व आर्थिक स्तरांतील सुमारे ३० लाख स्त्रिया आणि मुले छापील पोत्यांचे कपडे वापरत होती. युद्धकाळात कापडाची टंचाई असल्याने हीच काटकसर देशकार्य मानली गेली. युद्धानंतर स्वस्त कागदी पिशव्या आल्या आणि १९६० च्या दशकापर्यंत कापडी पोती जवळपास दिसेनाशी झाली.

१३/
पोत्याच्या कापडाचा एक झगा आज वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बहुतेक ॲप्रन मात्र वापरून विरले, शेवटी फडकी झाली. जे उरले, त्यांची ओळख पटवण्याची एक खूण अभ्यासक आणि संग्राहक शोधतात : कापडाच्या कडेला सुईच्या जाड छिद्रांची रांग. कुणीतरी साखळी टाका ओढून काढला होता, त्याची ती नोंद. लिखित साधने जेथे गप्प राहतात, तेथे अशी छिद्रेही वाचावी लागतात.