गंधकाची हाक

जानेवारी १८५६. दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रास गावाजवळ ओकच्या राईत तुम्ही उभे आहात. जमिनीवर हिम धरलंय, पाऊल टाकलं की कुरकुरतं. झाडं अजून कोवळी आहेत. ऑग्युस्त रूसो यांनी १८४७ साली ७ हेक्टरांत ओकची फळं पेरली, तीही ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी खाण्याची बुरशी, निघणाऱ्या झाडांखालूनच वेचलेली. बुंध्यांभोवती गवताचं पातं नाही, वणव्यानं जाळावं तसं उघडं वर्तुळ आहे. इथले लोक त्याला ‘ब्रूले’, म्हणजे जळकं, म्हणतात. आग कधीच लागलेली नाही. खालची बुरशीच गवताला वाढू देत नाही.

दोरीला बांधलेली डुकरीण थबकते, नाक जमिनीला लावून फुरफुरते आणि उकरू लागते. दोरी धरलेला म्हातारा तिला बाजूला ओढतो, गुडघ्यांवर बसतो, वीतभर माती काढतो आणि एक काळा, खडबडीत गोळा तुमच्या तळहातावर ठेवतो. हुंगा. आधी ओली माती. मग श्रावणात उकडलेल्या मक्याच्या कणसाची वाफ. तिच्यामागे अळंबी, जराशी शिळी कोबी.

आता काळ उलटा वाहू द्या. मे १८५५. तिकडे पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलंय, रूसो यांचे ट्रफल तिथे मांडले आहेत. तुम्ही मात्र इथेच, बाजरीच्या दाण्याहून लहान होऊन मातीत उतरला आहात. ओकच्या मुळांच्या टोकांना बुरशीच्या तंतूंनी मोजे घातल्यासारखं वेढलंय. झाड पानांत साखर करतं आणि त्यातला वाटा खाली देतं. तंतू पाणी आणि खनिजं वर पोचवतात. या तंतूंच्या गुंत्यात एक इवलीशी गाठ धरली आहे. तिला अजून ट्रफलचा वास नाही.

उन्हाळा जातो, गाठ फुगते. हिवाळा जवळ येतो तसा पांढरा गर काळवंडू लागतो, कारण सूक्ष्म पिशव्यांत बीजाणू पिकू लागले आहेत. छत्री असती तर वाऱ्यावर सोडता आले असते. इथे ना वारा, ना उजेड. कुणीतरी उकरून खाल्लं, तरच ते बीजाणू दुसऱ्या झाडाखाली पडणार.

म्हणून गोळ्याच्या पेशींत काम सुरू होतं. मिथिओनिन नावाच्या अमिनो आम्लात गंधकाचा एक अणू असतो. (आपल्या भाषेनं गंधकाच्या नावातच गंध ठेवलाय, याचा मला इथे फार आनंद होतो.) विकर ते तोडतं आणि मिथेनथायॉल सुटतं, कुजक्या कोबीच्या वासाचं. त्याला आणखी एक मिथिल गट जोडला गेला की होतं डायमिथिल सल्फाइड. कणसाच्या वाफेत हेच असतं, कोकणातल्या किनाऱ्यावरच्या समुद्राच्या वासातही. ते ३७ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणजे जवळपास आपल्या अंगाच्या उबेला. इतकं उडतं द्रव्य गार मातीच्या फटींतूनही वर निसटतं. शेजारी ल्युसिनसारख्या दुसऱ्या अमिनो आम्लांचा नायट्रोजन काढला जातो, एक कार्बन वायू होऊन जातो, आणि मोड आलेल्या धान्यासारखा वास उरतो. मद्याच्या पिंपात यीस्ट हेच करतं. मेदाम्लं तुटून अळंबीचा वास येतो तो वेगळाच.

आता पुढे या, १९८१ साली. जर्मन संशोधकांना ट्रफलमध्ये अँड्रोस्टेनॉल सापडलंय. डुकराच्या नराचं हे गंधद्रव्य मादीला खेचतं. म्हणजे डुकरीण प्रेमापोटी माती उकरते! गोष्ट इतकी देखणी की सगळ्यांना ती खरीच वाटावी. १९९० साली मात्र तिएरी तालू आणि सहकाऱ्यांचा प्रयोग पाहा: नमुने मातीत पुरले आहेत. डुकरीण अँड्रोस्टेनॉलला विचारत नाही. ती डायमिथिल सल्फाइड उकरते.

२०१० साली काळ्या ट्रफलचा जनुकसंच वाचला जातो, सुमारे १२.५ कोटी अक्षरांचा. गंधकाचं हे रसायन घडवणारी जनुकं बुरशीकडे स्वतःचीच आहेत. वाटतं, प्रश्न मिटला. पण २०१५ साली बिआंकेत्तो या फिकट ट्रफलच्या अभ्यासात दिसतं की त्याच्या खास वासातली काही गंधकयुक्त वलयी द्रव्यं त्याच्या गरात राहणारे जिवाणू तयार करतात. एका ग्रॅमात असे लाखो. मला हाच शोध सगळ्यात मोठा वाटतो. ज्या वासासाठी माणसं इतके पैसे मोजतात, त्यात ओकची साखर, बुरशीची विकरं आणि कुणाच्या नजरेला न पडलेले भाडेकरू आहेत. त्यातला एकही कमी झाला तर तो वास तो वास राहणार नाही.

परत चला १८५६ला. गोळा अजून तुमच्या हातात आहे, आणि त्यातलं सगळ्यात हलकं द्रव्य एव्हाना उडू लागलंय. म्हातारा तो तुमच्याकडून घेतो, पोतडीत टाकतो. डुकरिणीला बक्षीस म्हणून ओकचं फळ देतो. मग खड्ड्यात माती लोटतो आणि तळव्यानं हलकेच दाबतो, मुळांचे ते मोजे उघडे पडू नयेत म्हणून.