मराठी मजकुराचे स्थलांतर : संगणकीय ‘कॉपी-पेस्ट’ आणि ठाणे-डोंबिवली परिसरातील अक्षरजुळणी

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील मुद्रणव्यवसायात खिळ्यांच्या जुळणीची जागा डीटीपीने घेतली. स्मरणिका, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका पेजमेकर व कोरलड्रॉमध्ये जुळवल्या जाऊ लागल्या. या स्थित्यंतराचा विचार करताना एका लहानशा क्रियेकडे दुर्लक्ष होते : एका खिडकीतील मजकूर उचलून दुसऱ्या खिडकीत ठेवणे. इंग्रजीसाठी ती क्षणाची बाब होती. मराठीसाठी मात्र दीर्घकाळ बेभरवशाची राहिली.

‘कट’, ‘कॉपी’ व ‘पेस्ट’ ही त्रयी लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५ च्या सुमारास झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘जिप्सी’ या लेखनसंपादकासाठी सिद्ध केली. ॲपलच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांमुळे ती सर्वत्र पोहोचली. एकाच आज्ञावलीत मजकूर हलवणे सोपे असते. दोन आज्ञावलींना मात्र परस्परांची अंतर्गत रचना ठाऊक नसते. विंडोजमध्ये देणारी आज्ञावली एकाच मजकुराची अनेक स्वरूपे क्लिपबोर्डवर ठेवू शकते : नुसता मजकूर, फॉन्टच्या नावासह सजवलेला मजकूर, चित्र. घेणारी त्यांतले आपल्याला उमगणारे उचलते. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत तर देणारी आज्ञावली केवळ निवडीची मालकी जाहीर करते. घेणारी कोणती स्वरूपे मिळतील ते विचारते आणि मगच मजकूर दिला जातो. मूळ खिडकी बंद झाली की उचललेला मजकूरही नाहीसा होऊ शकतो, तो यामुळेच. दोन्ही रचनांचे गृहीतक एकच आहे : संकेतांक कळला की अक्षर कळले.

मराठी डीटीपीत नेमके हेच गृहीतक लागू नव्हते. हिंदी-मराठी टंकलेखनात रुळलेल्या कृतिदेव फॉन्टमध्ये ‘डोंबिवली’ हे नाव उमटवण्यासाठी एम, के, एस, ए, एफ, सी, ओ, वाय, एच या नऊ कळा दाबाव्या लागतात. संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. देवनागरीचा वेश फॉन्ट चढवतो. मजकूर नोटपॅडमध्ये नेला की फॉन्टचे नाव गळून पडे आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका उरे. त्यावर श्रीलिपीसारखा वेगळ्या संकेतांचा फॉन्ट चढवला, तर देवनागरीच दिसे, पण भलतीच! हा दोष अधिक फसवा.

मानक नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु पेजमेकरला केवळ एकेक बाइटचे संकेतांक कळत, आणि जोडाक्षरे घडवण्याची व्यवस्था त्यात नव्हती. फॉन्टनिर्मात्यांनी प्रत्येकी स्वतंत्र तोडगा काढला, याचा दोष सर्वस्वी त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल.

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच; विंडोज २००० मध्ये तिच्या आधारे देवनागरी आली आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्टही. आता ‘डोंबिवली’ आठ संकेतांकांची झाली व फॉन्टच्या नावावाचून प्रवास करू लागली. तरीही पेजमेकरच्या २००१ मधील शेवटच्या, सातव्या आवृत्तीला युनिकोड येत नव्हते. तेथे युनिकोड मराठी चिकटवल्यास प्रश्नचिन्हांची रांग उमटे. त्यामुळे कार्यालयात टंकलेला मजकूर छपाईसाठी परिवर्तकातून न्यावा लागे, किंवा पुन्हा टंकावा लागे.

परिवर्तनही सरळ नाही. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर टंकला जातो. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार असतो. ‘कर्म’ या शब्दातील रफाराची खूण शेवटून उचलून ‘म’च्या आधी ‘र्’ म्हणून बसवावी लागते. जोडाक्षरांच्या ठिकाणी आज्ञावली चुकते, म्हणून मुद्रितशोधन टळत नाही.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. त्या काळात छापलेले मराठी पुस्तक आजही थेट वाचता येते. १९९८ मध्ये जुळवलेली स्मरणिकेची फाइल मात्र मूळ फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही, आणि तिच्यात ‘डोंबिवली’ हा शब्द शोधल्यास सापडतही नाही.