सर्वेभ्यः
कांजूरमार्ग स्टेशनबाहेर पवईकडे जाणाऱ्या बेस्टच्या गाडीत सकाळी जागा मिळत नाही, त्यामुळे ‘बस’ हा शब्द ‘बसणे’वरून आला असेल अशी शंका निदान तिथे कुणाला येणार नाही. तो आला लॅटिन ‘ऑम्निबस’वरून. अर्थ, सर्वांसाठी. फ्रान्समधल्या नांत शहरात १८२० च्या दशकात घोड्यांच्या सार्वजनिक गाडीला हे नाव पडलं. इंग्रजांनी पुढे त्याचं डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं. उरला तो नुसता विभक्तिप्रत्यय! शाळेत ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकलेल्यांना तो परका वाटू नये, कारण लॅटिनचा ‘-बस’ आणि संस्कृतचा ‘-भ्यः’ एकाच कुळातले. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावलेली मुंबईची पहिली मोटारबस म्हणजे चाकांवरची चतुर्थीच.

एकेकाळी कांजूरला ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जच्या कामगाराला मात्र बस म्हटलं की बसबार आठवत असणार. सगळ्या सर्किटांना वीज पुरवणारी ही धातूची पट्टी आधी ‘ऑम्निबस बार’ होती. तिथून शब्द संगणकात शिरला. १९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ या संगणकात प्रोसेसर, मेमरी आणि उपकरणं एकाच तारांच्या जुडग्यावर होती. त्याचं नाव युनिबस. उपकरणांची रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायचे छोटे कप्पे, पत्त्यांच्या वरच्या ८ केबीत बसवलेली. त्यातल्या ठरावीक पत्त्यावर आकडा लिहिला की टेलिटाइपवर अक्षर उमटे. मेमरीत लिहिण्याचीच आज्ञा, वेगळी काही नाही. इंटेलने निराळी वाट धरली: ‘इन’ आणि ‘आउट’ या स्वतंत्र आज्ञा आणि ६५,५३६ पोर्ट. हा पोर्ट बंदर नव्हे. लॅटिन ‘पोर्ता’, म्हणजे दार.

पण तारा सर्वांच्या म्हणून कुठल्याही प्रोग्रॅमने डिस्कच्या रजिस्टरात हात घातला तर सगळ्यांच्याच फायली जातील. म्हणून कर्नल, ऑपरेटिंग सिस्टीमचा आतला, राखणदार भाग. (मराठीत लिहिल्यावर लष्करी अधिकारी दारात उभा राहतो, आणि ते फारसं चुकीचंही नाही.) मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ धान्याचा बारका दाणा. मला त्यासाठी ‘गाभा’ आवडतो, कारण त्याच्याच ‘गर्भ’ या मुळातून गाभारा येतो. नारळ बाहेर द्यायचा, आत जाणार पुजारी. प्रोग्रॅम ‘वाच’ किंवा ‘लिही’ अशी विनंती करतो. परवानगी तपासून रजिस्टरला हात लावतो तो कर्नलमधला ड्रायव्हर. सामान्य प्रोग्रॅमच्या पत्त्यांच्या नकाशात उपकरणाचा पत्ता मांडलेलाच नसतो, आणि त्याने परवानगीशिवाय ‘इन’ वापरलं तर प्रोसेसर तिथेच थांबून कर्नलला हाक मारतो.

कांजूरमार्गच्या जवळच असलेल्या आयआयटी मुंबईत घडलेला, २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘अजित’ प्रोसेसर स्पार्क घराण्यातला. तिथे ‘इन’-‘आउट’ नाहीत. युनिबसचीच रीत, पत्ता हेच दार.

एक फट तरीही राहते. वेगासाठी नेटवर्क कार्डासारखं उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहू शकतं. त्या क्षणी बस खरोखरच सर्वांची होते आणि प्रोसेसरवरचा पहारा कुचकामी ठरतो. म्हणून आता बऱ्याच यंत्रांत आयओएमएमयू हा वेगळा पहारेकरी असतो. कोणत्या उपकरणाने मेमरीचा कोणता तुकडा पाहावा, हे त्याला कर्नल आधी लिहून देतो.