एका अंतराची धास्ती

पेटीवर सफेद एकला सा धरा आणि आसावरीचे स्वर वाजवा. ग, ध, नि कोमल, बाकी शुद्ध. पाश्चात्त्य संगीतात याला नॅचरल मायनर म्हणतात. या स्वरांनी वर जाताना युरोपीय रचनाकारांना एक अडचण येई. कोमल नि वरच्या सापासून दोन अर्धस्वर लांब, आणि त्यांना तर ओळ संपताना साकडे ओढून नेणारा अगदी जवळचा स्वर हवा असे. म्हणून त्यांनी नि शुद्ध केला. हे झाले हार्मोनिक मायनर, आपल्या कानाला किरवाणी.

पण त्यामुळे कोमल ध आणि शुद्ध नि यांच्यात तीन अर्धस्वरांची दरी पडली. चर्चच्या समूहगायनासाठी लिहिणाऱ्यांना ती उडी गळ्याला अवघड आणि कानाला खटकणारी वाटे. मग चढताना धही शुद्ध केला. उतरताना सा गाठायची निकड नसते, म्हणून दोन्ही पुन्हा कोमल. जाताना पटदीपात लागणारे स्वर, येताना आसावरीचे. यालाच मेलोडिक मायनर म्हणतात. पुस्तकांत तो नियम म्हणून शिकवतात. मला ती पळवाट वाटते.

पळवाटा आणखीही होत्या. बाखच्या इन्व्हेन्शन्सची स्वच्छ प्रत १७२३ची. त्यातली डी मायनरची रचना ऐका. सूर सापासून एकेक पायरी चढत कोमल धपर्यंत येतो. पुढची पायरी शुद्ध नि. पण बाख वर जातच नाही, थेट खालच्या निवर उडी टाकतो! एवढी लांब उडी चालते, ती छोटी दरी चालत नाही.

आपल्या भैरवात हीच दरी दोनदा येते, कोमल रे ते शुद्ध ग आणि कोमल ध ते शुद्ध नि. पहाटे भैरव ऐकणाऱ्याला त्यात काही अवघड वाटत नाही. अरबी हिजाज मकामाची तर ओळखच हे अंतर. अनेक मशिदींतून अजान हिजाजमध्ये दिली जाते.

हा नियम अजानच्या रागाने केलेला नव्हता, हे आधी कबूल करायला हवे. तो गळ्याचा आणि सवयीचा प्रश्न होता. गोष्ट बिघडली ती एकोणिसाव्या शतकात. घरात टाळलेले अंतर ऑपेरावाल्यांनी 'पूर्व' दाखवायला बाहेर काढले. सँ-साँसचा 'सॅमसन आणि दलिला' १८७७ साली वायमारमध्ये रंगमंचावर आला. त्यात गाझामधल्या पलिष्टींच्या मंदिरात बेभान नाच आहे आणि त्याची चाल याच अंतरावर फिरते. पुढे सिनेमाने वाळवंट, उंट, नर्तकी दिसली की तेच वाजवायचे ठरवून टाकले.

यातली गंमत अशी की अरबी संगीतात रास्त आहे, बयाती आहे. त्यांत ही दरी नाही. त्यांचे खास स्वर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतात, म्हणून पियानोला ते वाजवताच येत नाहीत. हिजाजमध्येही मुरलेला गायक ते अंतर जरा आवळून घेतो. म्हणजे पूर्वेचे जेवढे पियानोवर बसले, तेवढेच 'पूर्व' ठरले.

१९३२ साली कैरोत अरबी संगीताची परिषद भरली. बार्टोक आणि हिंडेमिथ तिथे हजर होते. अरबी संगीतात पियानो घ्यावा की नाही, यावर तिथे वाद झाला. पियानोच्या बाजूने बोलणारे केवळ युरोपीय नव्हते, त्यांत इजिप्तचे लोकही होते.