घरात घुसणाऱ्या वासाच्या ढेकणांचा बंदोबस्त. कापूस साठवलेल्या घरांनी जास्त काळजी घ्यावी

कपाशीची वेचणी सुरू झाली की घरात कापसाबरोबर आणखी एक पाहुणा येतो. भाव वाढेल या आशेने कापूस ओसरीत, माजघरात, कुठे कुठे तर झोपायच्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत भिंतीवर, अंथरुणात, ताटात बारीक किडे फिरू लागतात. चिरडला की घाण वास सुटतो. काही जणांच्या अंगाला खाज सुटते, लाल चट्टे उठतात. लहान लेकरांना याचा त्रास जास्त.

हा ढेकूण खाटेतल्या ढेकणासारखा रक्त पिणारा नाही. तो झाडाचा रस पितो. कापसातला ढेकूण करड्या-काळपट रंगाचा, चार-पाच मिलिमीटरचा, पंख पांढरट पारदर्शक असलेला असतो. उमललेल्या बोंडात तो अंडी घालतो आणि सरकीचा रस शोषतो. त्यामुळे सरकीचं वजन घटतं, उगवण कमी होते. जिनिंगमध्ये हे किडे चिरडले की रुईला डाग पडतात, म्हणजे नुकसान घरापुरतं राहत नाही. दुसरा असतो नखाएवढा हिरवा ढेकूण. तो तूर, सोयाबीन, वाल, टोमॅटोवर वाढतो आणि रात्री दिव्याकडे येतो. पावसाळ्यात दिव्याखाली पडणारे काळे, गोल, वास मारणारे किडेही याच जातकुळीतले.

वास हे त्यांचं हत्यार आहे. अंगातल्या ग्रंथीतून ते हा द्रव सोडतात, जेणेकरून पक्षी-सरड्यांनी खाऊ नये. म्हणून चप्पल घेऊन मागे लागण्यात अर्थ नाही. मारलात की घरभर वास. डोळ्यात हा द्रव गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावं.

सोपा उपाय म्हणजे साबणाचं पाणी. घमेल्यात किंवा बादलीत पाणी घेऊन त्यात दोन-तीन चमचे धुण्याची पावडर विरघळवावी. भिंतीवरचे, पडद्यावरचे ढेकूण मऊ झाडूने हळूच त्यात पाडावेत. नुसत्या पाण्यात पाडले तर ते तरंगत राहून वर चढतात, साबणाच्या पाण्यात बुडतात. अंथरूण-पांघरूण झोपण्याआधी अंगणात झटकावं.

खरा इलाज दिव्याचा आहे. अंधार पडल्यावर पहिले दोन-तीन तास किडे सर्वात जास्त येतात. तेवढ्या वेळात दारावरचा पांढरा प्रखर दिवा बंद ठेवावा किंवा तिथे पिवळा बल्ब लावावा, त्याकडे किडे कमी येतात. जमलं तर घरापासून थोडं लांब, गोठ्याच्या पलीकडे एक पांढरा दिवा टांगून खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवावं. सकाळी बघितलं की किती पडले ते कळतं. वायर उघडी राहणार नाही एवढं मात्र बघा. खिडकीला मच्छरजाळी, दाराखालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी, पत्रा आणि भिंत यांच्यातल्या फटी बुजवणं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची पद्धत जुनी आहे. त्याने किडे तेवढ्यापुरते हटतात, पण परत येतात. आणि कापूस भरलेल्या घरात विस्तव नकोच.

कापूस घरात घेण्याआधी ताडपत्रीवर पातळ पसरून कडक उन्हात वाळवावा. उन्हाने बरेच किडे निघून जातात. साठवायचा तर झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत नको. वेगळी खोली नसेल तर निदान लेकरांची अंथरुणं तिथून हलवावीत. खाज कमी होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं, शेजाऱ्याने दिलेलं मलम लावत बसू नये.

घराला लागून रचलेली पऱ्हाटी हा यांचा दुसरा मुक्काम. जळणाला लागते म्हणून ती भिंतीलाच टेकवली जाते. तिच्यातल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळीही दबा धरून बसते. त्यामुळे पऱ्हाटी घरापासून लांब रचावी, जळणापुरती ठेवून बाकीची श्रेडरने बारीक करून शेतात गाडावी. परसातल्या भेंडी, अंबाडी, जास्वंदीवरही कापसातला ढेकूण जगतो. वालाच्या पानामागे पिंपाच्या आकाराच्या अंड्यांचा एकाला एक चिकटलेला पुंजका दिसला तर तो हिरव्या ढेकणाचा. पान तोडून साबणाच्या पाण्यात टाकावं. एका पुंजक्यात पन्नास-शंभर अंडी असू शकतात.

आता सर्वात महत्त्वाचं. त्रास वाढला की काही जण शेतात मारायचं औषध पंपात घेऊन घरात फवारतात, कापसावरही मारतात. हे अजिबात करू नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. बंद खोलीत तेच औषध किती घातक ठरेल, याचा विचार करावा. धान्यात टाकायच्या गोळ्या तर कापसाच्या खोलीत ठेवूच नयेत. त्यातून निघणारा वायू झोपेत जीव घेतो. चुकून फवारणी झालीच आणि कुणाला मळमळ, चक्कर, जास्त घाम, तोंडाला फेस, अंधुक दिसणं असं काही जाणवलं तर त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावं, अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावं आणि 108 वर फोन करावा. दवाखान्यात जाताना औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत न्यावं, डॉक्टरांना उतारा ठरवायला ते लागतं.