दारातली भाजी, घरातलं धान्य : सोलापूरच्या हवेत वर्षभर काय लावायचं अन् काय सांभाळायचं

सोलापूर : दोन एकर डाळिंब नाहीतर चार एकर ऊस सांभाळणारी घरं आपल्याकडं गावोगाव आहेत. आठवडी बाजारात कोथिंबिरीची जुडी विकत घेणारी घरंही तीच. दारात दहा बाय दहा फुटाचा तुकडा रिकामा असतो, पण परसबागेचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, "पाणी कुठाय?"

प्रश्न बरोबर आहे. मोबाईलवर परसबागेचे जे व्हिडिओ फिरतात ते बहुतेक कोकणातले नाहीतर थंड हवेच्या ठिकाणचे असतात. त्या तारखा धरून इथं बी टाकलं तर वाया जाणारच. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला मोठा भाग सप्टेंबरात. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा आपल्या हवेचं वेळापत्रक वेगळं हवं. ते खाली दिलं आहे, जपून ठेवा.

आधी पाणी मोजा, मग वाफा पाडा

दहा बाय दहा फुटाचा वाफा म्हणजे साधारण सव्वानऊ चौरस मीटर. हिवाळ्यात त्याला रोज ३० ते ३५ लिटर पाणी लागतं, म्हणजे दोन-अडीच घागरी. मे महिन्यात त्याच वाफ्याला ६० ते ६५ लिटर, म्हणजे चार घागरींच्या वर.

आता घरातलं पाणी मोजा. एका माणसाच्या आंघोळीला १५ ते २० लिटर धरलं तर पाच माणसांच्या घरात रोज ७५ ते १०० लिटर पाणी मोरीतून बाहेर जातं. एवढ्यावर हिवाळ्यात दोन वाफे निघतात, उन्हाळ्यात एकच. हा हिशोब आधी केला तर मार्चमध्ये बाग वाळत नाही. हिवाळ्यात दोन वाफे असतील तर उन्हाळ्यात एक मोकळा सोडायचा, त्यात शेणखत टाकून तापू द्यायचा.

सांडपाणी वापरताना तीन गोष्टी पाळा. एक, मोरीच्या तोंडाला खडी अन् वाळूचा छोटा खड्डा करून पाणी त्यातून गाळून घ्या. दोन, आंघोळीचं पाणी चालतं, पण कपड्याच्या पावडरचं पाणी रोज एकाच जागी सोडू नका. त्यातल्या सोड्यानं काळी जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. तीन, कोथिंबीर, मुळा, गाजर असं कच्चं खायचं पीक सांडपाण्यावर घेऊ नका. मोरीच्या कडेला केळ, आळू, कढीपत्ता, शेवगा लावा. कच्च्या खायच्या भाजीला चांगल्या पाण्याची एखादी घागर वेगळी ठेवा.

पाणी कमी असेल तर रंग न दिलेला साधा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा अन् वर झाकण ठेवा. माठातून पाणी झिरपत राहतं. चारी बाजूंनी दोडका, कारलं, काकडीचे वेल लावा. वाफ्यावर उसाचं पाचट नाहीतर वाळलेलं गवत चार बोटं पसरलं की ओल टिकते.

बोअरचं पाणी खारं असेल तर

वाफ्यावर पांढरा थर धरत असेल तर पाण्यात क्षार जास्त आहेत असं समजा. अशा जागी घेवडा, गाजर, कांदा नीट येत नाही. पालक, बीट त्या मानानं तग धरतात. वाफा अर्धा फूट उंच करा, दरवर्षी शेणखत भरपूर टाका आणि पावसाळ्यात छताचं पाणी त्या वाफ्यात सोडा, म्हणजे क्षार खाली धुवून जातात.

कोवळी पानं पिवळी पडली पण शिरा हिरव्या राहिल्या तर तो रोग नव्हे. चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह उचलता येत नाही, त्याची ही खूण. लिटरभर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम हिराकस विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. माती-पाणी तपासायचं असेल तर जिल्ह्यात मोहोळ आणि उत्तर सोलापूर तालुक्यातलं खेड इथं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं चौकशी करा.

मृग ते उत्तरा : वेलांचे दिवस

मृगाचा पाऊस झाला की भोपळा, दोडका, कारलं, घोसाळं अन् कुंपणाला वाल-पावटा टोकून घ्या. मांडवाला तुरकाट्या चालतात. काळ्या रानात पाणी तुंबतं, म्हणून बी सरीत नको, वरंब्यावर टोका. जून-जुलैत उघडीप पडली तर घागरभर पाण्यावर वेल निभावतात.

वांगी, टोमॅटो, मिरचीचं बी ऑगस्टच्या शेवटी गादीवाफ्यावर टाका. चार ते सहा आठवड्यांत रोपं लावण्याजोगी होतात, म्हणजे सप्टेंबरच्या पावसाची ओल त्यांना मिळते.

हस्त ते स्वाती : खरी परसबाग आत्ता

आपला जिल्हा रब्बीचा. शेतात ज्वारीची पेरणी होते त्याच सुमारास दारातही बी पडलं पाहिजे. वर्षातली सगळ्यात सोपी अन् स्वस्त भाजी ऑक्टोबर ते जानेवारीत निघते.

मेथी २५-३० दिवसांत, पालक महिनाभरात, कोथिंबीर ३५-४० दिवसांत काढणीला येते. धने तसेच टाकू नका. हलक्या हातानं रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. तरीही उगवायला आठ-दहा दिवस लागतात, धीर धरा. सगळा वाफा एकदम पेरू नका. तीन भाग करा अन् पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक पेरा. नाहीतर एका आठवड्यात घरभर मेथी होते अन् पुढं महिनाभर काहीच नसतं.

मुळा, गाजर, बीट वरंब्यावर लावा. भारी रानात गाजराला फाटे फुटतात. लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावल्या की मार्चमध्ये गड्डे निघतात. शेपू, चुका, चाकवत, करडईची कोवळी भाजी यांचाही हाच काळ. हरभऱ्याचा शेंडा खुडला तर भाजीही होते अन् झाड फुटतं.

उन्हाळा : थोडं लावा, पण टिकवा

जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा उन्हाळी भाजीचा पेरा. गवार अन् भेंडी आपलं ऊन सोसतात. चवळी, तांदुळजा, माठ हेही चालतात. टोमॅटोचा फुलोरा कडक उन्हात गळतो, त्यामुळं एप्रिलमध्ये खत टाकून उपयोग नाही. एप्रिलनंतर कोथिंबीर हवीच असेल तर शेडनेटखाली नाहीतर शेवग्याच्या सावलीत, थोड्या जागेत घ्या.

दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी बघा. पानं आपोआप उभी राहिली तर ओल पुरेशी आहे. पाणी सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावरच द्या.

कीड पडली तर

घरच्या वाफ्याला शेतातलं औषध मारू नका. द्राक्ष-डाळिंबाच्या पंपात तळाला राहिलेलं औषध "वाया कशाला घालवायचं" म्हणून दारातल्या भेंडीवर मारलं जातं. ती भेंडी दोन दिवसांत पोरांच्या ताटात येते. पंपसुद्धा वेगळा ठेवा.

माव्याला निंबोळी अर्क पुरतो. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण विरघळवा अन् संध्याकाळी फवारा. भेंडीची पानं जाळीदार पिवळी झाली तर तो पांढऱ्या माशीनं पसरणारा केवडा आहे. त्याला औषध नाही, झाड उपटून टाका.

औषधाचे रिकामे कॅन कितीही धुतले तरी पाणी, तेल, दूध भरायला वापरू नका. भोकं पाडून टाका.

वर्षाची ज्वारी भरताना

तूर जानेवारीत, ज्वारी अन् गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतात. दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत ऊन द्या. वाळलेलं धान्य गरम असताना पोत्यात भरू नका. रात्रभर सावलीत गार होऊ द्या, नाहीतर आत घाम सुटतो अन् बुरशी येते. जुनी पोती उलटी करून कडक उन्हात टाका. थप्पी फळीवर, भिंतीपासून अर्धा फूट लांब लावा.

सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला थराथरानं घाला. डाळीला किलोमागं एक छोटा चमचा गोडं तेल चोळलं की भुंगा लागत नाही. धान्यात बिब्बे ठेवत असाल तर लेकरांच्या हाताला लागू देऊ नका, तेलानं कातडी भाजते.

सगळ्यात महत्त्वाचं : सल्फासची गोळी. धान्याला कीड लागू नये म्हणून अनेक घरांत ती फडक्यात बांधून पोत्यात ठेवतात, अन् त्याच खोलीत माणसं झोपतात. हवेतली ओल लागली की या गोळीतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. त्यावर नेमका उतारा नाही. दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत लहान मुलांना आधी त्रास होतो : मळमळ, उलट्या, दम लागणं, छातीत दुखणं. ही गोळी घरगुती वापराची नाही, जाणकार परवानाधारक माणसाच्या देखरेखीखालीच वापरायची असते. दुकानदार सुटी देत असला तरी घेऊ नका. त्रास दिसला तर माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला गोळीचं नाव सांगा. पोट बिघडलं असेल म्हणून घरी थांबू नका.

मंगळवेढ्याकडं अन् इतरत्रही जुनी पेवं आहेत. पेव उघडलं की लगेच आत उतरू नका. आत प्राणवायू नसतो. बराच वेळ तोंड उघडं ठेवा, कंदील सोडून बघा. तो विझला तर आत जायचं नाही. तेवत राहिला तरी वर दोन माणसं असल्याशिवाय उतरायचं नाही.

वाळवण, पाणी अन् बियाणं

कुरडया, सांडगे, पापडाबरोबर गवारीच्या शेंगाही वाळवून ठेवा, पावसाळ्यात उपयोगी पडतात. मेथी मात्र सावलीत वाळवा, रंग अन् वास राहतो.

नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून पिंपं भरलेली असतात. झाकण घट्ट ठेवा अन् आठवड्यातून एकदा सगळी भांडी घासून कोरडी करा. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

बियाण्यासाठी निरोगी झाडाची दोन फळं पुरती पिकू द्या. बी सावलीत वाळवून राखेत मिसळा अन् काचेच्या बाटलीत ठेवा. हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी तसं पीक येत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी असंच घरचं गावरान बी जपलं अन् २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला.

थोडक्यात वेळापत्रक

जून-जुलै : वेलभाज्या, वाल-पावटा.
ऑगस्टअखेर : वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं टाकणं.
ऑक्टोबर-डिसेंबर : मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण.
जानेवारीअखेर-फेब्रुवारी : गवार, भेंडी, चवळी.
मार्च : धान्य वाळवून भरणं.
एप्रिल-मे : वाळवण, एक वाफा सावलीखाली, दुसरा तापायला मोकळा.

पहिल्या वर्षी एकच वाफा करा. तो मे महिन्यात हिरवा राहिला तर दुसऱ्याचं बघा.