ऊस वाहतूक वाहनांची सुरक्षारचना (कोल्हापूर)

साखर कारखान्यांना ऊस पुरवणाऱ्या ट्रक व ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अपघात टाळण्यासाठी त्यांच्या बांधणीत करावयाच्या तरतुदी. कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम हिवाळ्यात चालतो आणि ऊस रात्रीही वाहिला जातो. खरा धोका मागच्या बाजूला असतो. हौद्याबाहेर लोंबणाऱ्या उसाने मागचे दिवे झाकले जातात. दोन ट्रॉल्यांची संथ जोडणी अंधारात दुचाकीस्वाराला अगदी जवळ गेल्यावरच दिसते. ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसेल, तर उतारावर मागचा सारा भार ट्रॅक्टरला पुढे रेटतो.

धडकलेली मोटार हौद्याखाली घुसू नये म्हणून ट्रकच्या मागे खाली आडवा संरक्षक दांडा बसवतात. 1967 साली अमेरिकेत अभिनेत्री जेन मॅन्सफील्ड अशाच अपघातात दगावली. तिथे या दांड्याला तिचेच नाव पडले. मुळात वाहन अंधारात दिसावे म्हणून भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत परावर्तकांची तरतूद आहे. मात्र परावर्तक पट्टी उसाखाली दडली, तर ती निरुपयोगी ठरते. ती भाराच्या कडेबाहेर दिसेल अशी लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय असून, तशी पट्टी नसलेले वाहन कारखान्यांनी वजनकाट्यावर घेऊ नये.